शेवटची कधी घेतली? ऑपरेशनच्या आधी हा प्रश्न का विचारतात

टेम्पो चालवणारा माणूस, वय पंचेचाळीसच्या आसपास, सोमवारी संध्याकाळी मोटरसायकल घसरली आणि मांडीचं हाड मोडलं म्हणून आमच्याकडं दाखल झाला. मंगळवारी रक्त, लघवी, छातीचा फोटो, ईसीजी सगळं झालं, मी भूलतज्ज्ञ म्हणून ऑपरेशनसाठीचा फिटनेस बघायला गेले तेव्हा नेहमीप्रमाणं विचारलं की व्यसन काही आहे का, तर बायको खाली बघत राहिली आणि भाऊ पटकन म्हणाला, "काही नाही मॅडम, लग्नकार्यात घेतली तर घेतली." हाडात घालायचा रॉड यायला उशीर होता म्हणून ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठरलं. बुधवारी रात्री अडीच वाजता वॉर्डातून फोन, की पेशंट उठून बसतोय, पायाला वजन लावलेलं असताना बेडवरून उतरायला बघतोय. जाऊन बघते तर माणूस घामानं निथळतोय, नाडी १३०, आणि डावा हात हवेत पुढं-मागं चाललेला. मला आधी कळेचना हे काय करतायत. बायको हळूच म्हणाली, गिअर टाकतायत. तो सिस्टरला सांगत होता, बाजूला हो, घाट उतरतोय, ब्रेक लागत नाहीये.

तेव्हा कुठं ती बाई बोलली. रोज तीन क्वार्टर, बारा वर्षं झाली, शेवटची सोमवारी दुपारी.

हे वाक्य मला मंगळवारी कळलं असतं तर बुधवारची ती रात्र बहुतेक टळली असती. अठरा वर्षं भूल देतेय, आणि दर थोड्या दिवसांनी असं काहीतरी समोर येतंच, आणि दरवेळी घरच्या लोकांना काहीच कल्पना नसते की आपण लपवलं त्याचा आणि आता जे चाललंय त्याचा काही संबंध आहे. म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

पहिली गोष्ट, विथड्रॉवल, म्हणजे सवयीची नशा अचानक तुटल्यावर होणारा त्रास, ही फक्त व्यसनमुक्ती केंद्रात होणारी गोष्ट नाही. तो सुरू व्हायला व्यसन सोडायचा निर्णय लागत नाही, पुरवठा तुटला की पुरे. अपघात झाला, अपेंडिक्स फुटलं, पित्ताशयाचे खडे दुखायला लागले, माणूस हॉस्पिटलात आला, आणि आल्या क्षणापासून त्याची दारू, गर्द (म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनच), गोळी, तंबाखू जे काय असेल ते बंद झालं. त्याला कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. घड्याळ मात्र चालू झालं. आणि आपल्याकडं हाडाचं ऑपरेशन बऱ्याचदा दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांनी होतं, म्हणजे नेमकं दारूचा विथड्रॉवल सगळ्यात जोरात असतो तेव्हा.

हे घड्याळ दारूसाठी साधारण असं चालतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, मळमळ, झोप नाही, चिडचिड. १२ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, अगदी आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसालाही. काहींना पहिल्या दिवशीच भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, सगळ्यांना नाही पण काहींना, तो मोठा झटका येतो ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि आम्ही आपसात नुसतं डीटी म्हणतो. माणूस कुठं आहे हे त्याला कळत नाही, ताप, बीपी वर, नाडी पळतेय, बडबड, आणि बऱ्याचदा रोजच्या कामाच्या हालचाली. आमचा पेशंट साठाव्या तासाला गिअर टाकत होता. डीटीवर उपचारच झाले नाहीत तर तीनातला एक दगावतो असे जुने आकडे आहेत, वेळेत उपचार मिळाले तर हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येतं. हा फरक औषधांमुळं पडतो, आणि औषधं वेळेत द्यायची तर आधी माहीत पाहिजे.

आता हे होतं का? मेंदूला शांत करणारी एक यंत्रणा असते आणि चाळवणारी एक. शांत करणाऱ्या रसायनाचं नाव गाबा, चाळवणाऱ्याचं ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. पण रोज रोज बाहेरून कुणी ब्रेक दाबून धरत असेल तर मेंदू काय करतो, स्वतःचा ब्रेक सैल करतो आणि अॅक्सिलरेटर जास्त दाबतो, म्हणजे दारू पिऊनही माणूस कामाला जाऊ शकतो, गाडी चालवू शकतो, घरच्यांना वाटतं याला चढतच नाही. मग एक दिवस दारू अचानक बंद होते. बाहेरचा पाय ब्रेकवरून उचलला गेला, आतला ब्रेक आधीच झिजलेला, आणि अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला. कंप, फिट, भास, धडधड हे सगळं त्यातूनच येतं. मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही.

पूर्ण भूल म्हणजे काय तेही थोडक्यात सांगते, कारण लोकांना ती झोप वाटते आणि ती झोप नाही. हातातल्या सलाईनमधून प्रोपोफॉलसारखं औषध देतो, माणूस अर्ध्या-एक मिनिटात बेशुद्ध होतो. दुखणं मेंदूला कळू नये म्हणून फेंटानिलसारखं अफूच्या जातीचं औषध देतो. स्नायू सैल करायचं औषध देतो, त्यानं श्वासही थांबतो, म्हणून घशातून श्वासनलिकेत नळी टाकून मशीननं श्वास चालवतो. मग ऑपरेशन संपेपर्यंत गॅस किंवा इंजेक्शन चालू. या औषधांपैकी बरीचशी मेंदूतल्या त्याच कुलपांवर, म्हणजे रसायनं पकडणाऱ्या जागांवर, बसतात ज्यांच्यावर दारू, गर्द किंवा झोपेच्या गोळ्या बसतात. प्रोपोफॉल गाबावर, फेंटानिल अफूच्या कुलपावर. म्हणजे ज्या दारातून नशा आत जायची त्याच दारातून आमची भूल जाते. दार आधीच कुणी बदलून ठेवलं असेल तर आमचा हिशोब चुकतो.

हिशोब चुकतो म्हणजे कसा. वर्षानुवर्षं पिणाऱ्याला भुलीचं औषध बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्त लागतं. पण तोच माणूस आत्ता पिऊन आलेला असेल तर कमी लागतं, कारण अर्धं काम दारूनंच केलेलं असतं, शिवाय पोट भरलेलं, उलटी फुफ्फुसात जायची भीती. आणि लिव्हर, हृदय खराब झालेलं असेल तर जास्त दिलेला डोस झेपत नाही, बीपी धाडकन खाली येतं. एकाच माणसाबद्दल या तीन उलटसुलट गोष्टी असतात, आणि कुठली लागू आहे ते ठरतं एकाच उत्तरावरून, रोज किती आणि शेवटची कधी.

बरं, विथड्रॉवलमध्ये असताना भूल दिली तर होतं काय? गंमत वाटेल असं नाही, पण खरं आहे, भूल असेपर्यंत बऱ्याचदा विथड्रॉवल दबून जातो, कारण आमची औषधं तेच काम करतायत जे दारू करत होती. मॉनिटरवर फक्त नाडी जरा जास्त, बीपी जरा जास्त. आता भूल दिलेल्या माणसाची नाडी वाढायची दहा कारणं असतात, भूल हलकी पडतेय, दुखतंय, रक्त जास्त गेलंय, ताप येतोय. व्यसनाचं माहीत नसेल तर आम्ही त्या दहा कारणांमागं पळतो आणि अकरावं डोक्यात येत नाही. खरी वेळ येते जाग आल्यावर. भूल उतरते, आणि विथड्रॉवल जिथं होता तिथून, कधी त्याहून जोरात, पुढं चालू होतो. रिकव्हरी रूममध्ये माणूस नळ्या ओढतो, सलाईन उपसतो, टाके घातलेल्या पोटावर जोर देऊन उठतो, नवीन रॉड घातलेल्या पायावर उभा राहायला बघतो. घरच्यांना वाटतं भूल जास्त झाली म्हणून डोक्यावर परिणाम झाला. मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय.

आणि आमच्या बाजूनं बघाल तर ऑपरेशननंतर बरळणाऱ्या माणसाला विथड्रॉवलच आहे असं धरून चालता येत नाही. ऑक्सिजन कमी झाला असेल, साखर उतरली असेल, सोडियम कमी झालं असेल, जंतुसंसर्ग असेल, अपघात असेल तर डोक्यात रक्तस्राव असेल. पिणारा माणूस पडून येतो तेव्हा हे शेवटचं तर फार बघावं लागतं. म्हणून आधी हे सगळं तपासायचं, आणि आधीच सांगितलेलं असेल तर ती तपासणी चालू असतानाच उपचारही चालू करता येतात, तास वाया जात नाहीत.

उपचार काय? आधीपासून माहीत असेल तर लोराझेपाम, डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांपैकी एक ठरलेल्या वेळांनी देतो, ही गाबावरच काम करणारी औषधं आहेत, म्हणजे ब्रेकवर परत पाय ठेवायचा आणि तो अचानक न उचलता पाच-सात दिवसांत हळूहळू उचलायचा. सिस्टर दर काही तासांनी हाताचा कंप, घाम, मळमळ, भास, अस्वस्थता असे दहा मुद्दे बघून मार्क मांडतात, त्याप्रमाणं डोस कमीजास्त होतो. दुसरं, थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. रोज पिणाऱ्याच्या अंगात ते फार कमी असतं आणि साखर जाळायला शरीराला ते लागतं. अशा माणसाला नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते, डोळे नीट हलत नाहीत, चालताना तोल जातो, आठवण राहत नाही. म्हणून ग्लुकोजच्या आधी थायमिन, आणि साखर धोकादायक खाली गेली असेल तर थांबायचं नाही, दोन्ही सोबत. एवढं साधं, स्वस्त इंजेक्शन. "अशक्तपणा वाटतोय, एक ग्लुकोज लावा" म्हणून कुठंही बाटली लावून घेणाऱ्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं असं मला फार मनापासून वाटतं.

ऑपरेशन ठरवून करायचं असेल, हर्निया, गुडघा, पित्ताशय, तर विथड्रॉवलच्या मध्यात ते करायचंच नाही. पुढं ढकलायचं, आधी दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची, आणि शक्य असेल तर किमान चार आठवडे मध्ये जाऊ द्यायचे, जखम भरायला आणि जंतुसंसर्ग टाळायला त्याचा उपयोग होतो. पण फुटलेलं अपेंडिक्स किंवा आतून रक्तस्राव थांबत नाही. तिथं विथड्रॉवल असला तरी ऑपरेशन करतो, दोन्ही एकदम सांभाळतो, आणि नंतर आयसीयूत ठेवतो. जमतं ते. फक्त अंधारात करायला लावू नका. एक मात्र सांगते, "डॉक्टर रागावतील, म्हणून चार दिवस आधी बंद करून जाऊ" असं स्वतःच्या मनानं करणारे लोक असतात, चांगल्या हेतूनंच करतात बिचारे, आणि नेमके ऑपरेशनच्या टेबलावर फिट घेऊन येतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकट्यानं, घरी, अचानक बंद करणं धोक्याचं आहे.

आता गर्द आणि बाकीची अफूची भावंडं. मुंबई-पुण्यात १९८० च्या दशकात ब्राउन शुगर आली तेव्हापासून तिच्या विथड्रॉवलला पिणारे लोक "टर्की" म्हणतात, टर्की लागली, टर्कीत आहे. अंगावर काटा येतो, नाक-डोळे गळतात, जांभया थांबत नाहीत, हाडं कुटल्यासारखी दुखतात, जुलाब, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. गर्दच्या शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाते, आठवडाभरात ओसरते. दारूच्या विथड्रॉवलमध्ये जीव जाऊ शकतो, टर्कीत धडधाकट माणसाचा सहसा जात नाही, पण ज्याला ती लागते त्याला मेल्यासारखंच वाटतं, आणि ऑपरेशनच्या वेळी उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेलं असणं, बीपी वरखाली असणं, पोटात उलटी तयार असणं हे सगळं धोक्याचंच. गर्दच कशाला, खोकल्याचं कोडीनवालं औषध, ट्रामाडोलच्या गोळ्या यांचंही तेच होतं. ट्रामाडोल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आणलं ते उगाच नाही. आणि ट्रामाडोलला "साधी पेनकिलर" म्हणून लोक सांगतच नाहीत, रोज आठ-दहा गोळ्या चालू असल्या तरी. त्या गोळीनंही फिट येऊ शकते.

इथं एक सापळा आहे तो जवळून सांगते. आपल्याकडं बऱ्याच हॉस्पिटलांत दुखण्यावर पेंटाझोसिनचं इंजेक्शन देतात, फोर्टविन म्हणून ओळखतात ते. हे औषध अफूच्या एका कुलपाला उघडतं आणि दुसऱ्याला अडवतं. तुमच्या-माझ्यासारख्याला दिलं तर दुखणं कमी होतं. रोज गर्द घेणाऱ्याला दिलं तर कुलपात बसलेलं गर्द ते ढकलून बाहेर काढतं आणि चालू-चांगल्या माणसाला काही मिनिटांत टर्की लागते. आम्ही दुखणं कमी करायला गेलो आणि तो किंचाळायला लागला. ब्युटोरफॅनॉल, नाल्ब्युफिन यांचंही तसंच. एका तरुण मुलाच्या बाबतीत मी हे होताना बघितलंय, खांदा निखळून आला होता, इंजेक्शन देऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर त्याचे दंडावरचे केस उभे राहिले, नाकातून पाणी, पोट धरून गुडघे छातीशी घेतले. माझ्याकडं बघून म्हणाला, मॅडम टर्की लागली. आणि मगच त्याच्या मोठ्या भावाला पहिल्यांदा कळलं की हा गर्द घेतो. तो भाऊ कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसला ते मला अजून दिसतं.

अशा माणसाच्या दुखण्याबद्दल एक फार चुकीची समजूत आहे, ती घरच्यांचीही असते आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टर-सिस्टरचीही. व्यसनी आहे म्हणून पेनकिलर देऊ नका, मागतोय म्हणजे नाटक करतोय. उलट आहे. त्याची अफूची सवय झाल्यामुळं नेहमीचा डोस त्याला पुरत नाही, शिवाय दीर्घकाळ अफूची औषधं घेतल्यानं दुखणं जास्त तीव्र जाणवायला लागतं असंही होतं. त्याला एक रोजची गरज भागवायला औषध लागतं आणि त्याच्यावर ऑपरेशनच्या दुखण्यासाठी वेगळं. ऑपरेशनच्या दिवशी व्यसन सोडवायचा हट्ट धरायचा नसतो. दुखणं नीट सांभाळलं नाही तर माणूस ड्रिप काढून पळून जातो आणि बाहेर जाऊन घेतो, हेच जास्त होतं. आमच्याकडं आता मार्ग आहेत, शक्य असेल तिथं नुसती नस बधिर करतो, पाठीतून किंवा खांद्यापाशी इंजेक्शन देऊन, त्यावर पॅरासिटामोल, सुजेची औषधं, थोड्या डोसमध्ये केटामाइन, टर्कीची तडफड कमी करायला क्लोनिडिन. हाताचं ऑपरेशन असेल तर पूर्ण भूल टाळताही येते.

ज्यांनी गर्द सोडून केंद्रातून जिभेखालची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, गर्दच्या जागी देतात ती, चालू केलीय, त्यांच्यासाठी वेगळं सांगायचंय. ऑपरेशन आहे म्हणून ती गोळी मनानं बंद करू नका. पूर्वी बंद करायला सांगायचे, आता बहुतेक ठिकाणी चालू ठेवूनच ऑपरेशन करतात, कारण बंद केल्यावर माणूस परत गर्दकडं वळायचा धोका मोठा. अडचण अशी की ही गोळी बऱ्याच केंद्रांत रोज समोर उभं राहून घ्यावी लागते, आणि हॉस्पिटलात पडलेला माणूस केंद्रात जाणार कसा. अशा वेळी केंद्राचा फोन नंबर आम्हाला द्या, डोस आम्ही विचारून घेतो.

नाल्ट्रेक्सोन नावाची गोळी असेल तर मात्र उलटं. ती दारू सोडवायलाही देतात, म्हणून लोकांना वाटतं भुलीशी काय संबंध. ती अफूची कुलपं बंद करून ठेवते, मग आमचं फेंटानिल, मॉर्फिन काहीच लागू पडत नाही. ठरवलेल्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी ती थांबवावी लागते, आणि महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असेल तर चार आठवड्यांचा हिशोब. डॉक्टरांना विचारूनच.

आणि डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध. हे मला बायकांशी बोलायचंय. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून कुणीतरी सांगितलेली पावडर किंवा गोळी भाजीत, चहात न सांगता घालणाऱ्या बायका मला भेटलेल्या आहेत, त्यांच्यावर रागावायचं माझ्या मनात येत नाही, काय काय सोसून त्या तिथं आलेल्या असतात ते मला माहितीये. पण ते औषध अंगात असताना माणूस प्यायला तर बीपी कोसळून जीवाला धोका असतो, त्याचा परिणाम बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि भूल देतानाही बीपी अचानक उतरू शकतं. त्याला सांगितलं नसेल तरी मला सांगा. बाजूला घेऊन सांगा.

झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम वगैरे, यांचं घड्याळ दारूसारखंच पण लांब. आजीला दहा वर्षं रोज रात्री एक गोळी चालू असते, तिला कुणी व्यसन म्हणत नाही आणि म्हणूही नये, पण खुब्याच्या ऑपरेशनला आल्यावर ती गोळी कुणी लिहिलीच नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजी बरळायला लागते, तिला फिटही येऊ शकते, आणि सगळे म्हणतात वयामुळं झालं.

तंबाखू सोडल्यानं जीव जात नाही, चिडचिड होते, डोकं दुखतं. बिडी-सिगारेट ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बंद केली तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, तेवढाही फायदाच, चार आठवडे आधी केली तर फुफ्फुसं आणि जखम दोन्हीला. पण गुटखा, मावा खाणाऱ्यांचं आमचं दुःख वेगळं आहे, त्यांचं तोंडच उघडत नाही. मी पेशंटला त्याचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगते. तिशीतल्या मुलाचं एक बोट कसंबसं जातं. अशा तोंडातून नळी टाकता येत नाही, नाकातून दुर्बिणीनं टाकावी लागते, आणि ती सोय प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते.

लोक एक विचारतात, मॅडम तुम्ही भूल देताच आहात तर भुलीतच याचं व्यसन काढून टाका ना, याला कळणारच नाही. असा प्रयोग झालेला आहे. पूर्ण भूल देऊन अफूची कुलपं जबरदस्तीनं मोकळी करायची म्हणजे टर्की बेशुद्धीतच निघून जाईल अशी कल्पना. २००५ मध्ये अमेरिकेत १०६ हेरॉइन घेणाऱ्यांवर झालेला अभ्यास छापून आला, भूल दिलेल्यांना नंतर जाग आल्यावर टर्की बाकीच्यांइतकीच झाली, उपचारात टिकून राहण्यातही ब्युप्रेनॉर्फिनपेक्षा फायदा दिसला नाही, आणि भूल दिलेल्या गटात तिघांच्या जीवावर बेतलं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका क्लिनिकात असे उपचार घेतलेल्या ७५ जणांपैकी दोघं दगावले. मी पैसे घेऊनही हे करणार नाही, आणि कुणी जाहिरात केली तर जाऊ नका.

घरच्यांनी लपवण्यामागं भीती असते, ती समजून घेतल्याशिवाय नुसतं "सांगा सांगा" म्हणण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीत १० ते ७५ वयाच्या १४.६ टक्के लोकांचं दारू पिणं नोंदलं गेलं, म्हणजे जवळपास १६ कोटी, त्यामुळं तुमचं घर काही एकटं नाही. पोलिसांची भीती असते. अपघाताची केस असेल तर पोलिसांची नोंद होते, रक्ताचा नमुनाही मागितला जाऊ शकतो, ते वेगळं चालतं. पण रोज किती घेतो ही माहिती मला उपचारासाठी लागते, मी ती घेऊन पोलीस स्टेशनला जात नाही. गर्दच्या बाबतीत तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातच कलम ६४अ आहे, थोड्या मालासह पकडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मेडिक्लेमची भीती मात्र खोटी नाही, पॉलिसीत व्यसनाचे आणि त्यातून उद्भवलेल्या आजाराचे उपचार वगळलेले असतात आणि लोकांचे क्लेम अडकतात. तरीही मी सांगेन, क्लेमचं भांडण पेशंट जिवंत असताना भांडा. आणि चारचौघांत सांगायची लाज वाटत असेल तर मला बाहेर बोलवा, सिस्टरला चिठ्ठी द्या, फिटनेसच्या खोलीत पेशंटला एकट्याला बसवायला सांगा. सासूसमोर, मेव्हण्यासमोर कुणीही माणूस खरं बोलत नाही, हे आम्हा डॉक्टरांनीही समजून घ्यायला पाहिजे, वॉर्डात दहा लोकांमध्ये उभं राहून "दारू पिता का" विचारायचं आणि नाही म्हटलं की नाही लिहायचं, ही आमची चूक आहे.

आणखी एक धोका घरी गेल्यावरचा. दहा-पंधरा दिवस हॉस्पिटलात गर्द न घेतलेल्या माणसाची सवय उतरलेली असते. तो घरी जाऊन जुन्याच मापानं घेतो, आणि जो डोस महिन्यापूर्वी पचत होता त्यानंच श्वास थांबतो. अशी माणसं संडासात, गाडीत, एकटी सापडतात. म्हणून डिस्चार्जच्या आधीच व्यसनमुक्तीवाल्यांशी गाठ घालून द्यायची, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाईन आहे, जवळच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

त्या टेम्पोवाल्याचं ऑपरेशन आम्ही पुढं ढकललं. थायमिन, लोराझेपाम, आयसीयूत तीन दिवस, पाय तोवर वजनावर. पाचव्या दिवशी सकाळी मला ओळखलं, म्हणजे पहिल्यांदाच बघितलं म्हणायचं, कारण मंगळवारचं त्याला काही आठवत नव्हतं. आठव्या दिवशी रॉड बसला, कमरेखालची भूल दिली, शांत पडून होता.

त्यानंतर महिनाभरानं एक बाई आल्या, मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मी व्यसनाचं विचारायच्या आधीच पर्समधून वहीचा घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. वर मुलाचं वय, खाली निळ्या शाईनं लिहिलेलं, ट्रामाडोल रोज सहा गोळ्या, दोन वर्षं, कधी झोपेची एक, शेवटची आज सकाळी आठ वाजता, आणि खाली, त्याला माहीत आहे मी हे सांगतेय. सिस्टरनं तो कागद केसपेपरच्या सगळ्यात वर स्टेपल केला आणि मी तारीख तीन आठवडे पुढची दिली.